चाचणीची जागा : सोफ्याखाली

कुणाच्याही घरी गेले, की माझी नजर आधी खाली जाते. भिंतीवरचे फोटो, शोकेस, यजमानीणबाईंची साडी हे सगळं नंतर. गालिचा कुठं विटलाय, कुठं मळलाय, सोफ्याचे पाय कुठं रुतलेत, हेच मला दिसत राहतं. आणि सोफ्याला खालपर्यंत कापडाची झालर असेल, तर मी त्या सोफ्यावर बसत नाही. इतकी वर्षं झाली तरी. त्याचं कारण सांगायला बसले आहे. मी सातवी शिकलेली बाई. लिहिण्याची सवय कामाच्या वहीपुरती. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझं काम सांगितलं की माणसं म्हणतात, "म्हणजे गालिचे धुता?" धुणारे वेगळे. धुऊन डाग निघतो. पण गालिच्याचाच रंग उडाला, तर तिथं धुऊन काय उपयोग? फरशी पुसायचं ब्लीच सांडलं, लहान मुलानं औषध ओतलं, खिडकीतल्या उन्हानं पट्टा पांढरा पडला, की आम्हाला बोलावतात. तिथं आम्ही पुन्हा रंग भरतो, असा की आजूबाजूच्या रंगातून तो वेगळा ओळखू येऊ नये. काम चांगलं झालं तर ते दिसत नाही. बिघडलं तर मात्र दारातून दिसतं. म्हणून या धंद्यात कौतुक कमी आणि धाक फार.

मी चंद्रपूर जिल्ह्यातली, सिंदेवाहीकडची. सातवीच्या पुढची शाळा दुसऱ्या गावाला, मधे जंगल, म्हणून शाळा सुटली. नव्वदच्या दशकात ताईचं बाळंतपण करायला म्हणून नाशिकला आले. भाऊजी सातपूरला कंपनीत होते. बाळ वर्षाचं झालं आणि भाऊजी म्हणाले, "वनमाला, इथं राहायचं तर हाताला काही काम बघ. नाहीतर गावाकडं सोडून येतो." रागानं नाही म्हणाले, खोली एक आणि माणसं चार. पण गावाकडं जाणं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. दोन मुलांचा बाप असलेलं एक स्थळ माझ्यासाठी थांबवून ठेवलं होतं.

आमच्याच गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये धुरी मास्तर राहत. मुंबईच्या गिरणीत रंगखात्याचे मास्तर होते. गिरणी गेली तसे इकडं आले आणि गालिच्यांचं रंगकाम सुरू केलं. काम शिकवायचा वर्गही घेत. जाड काचांचा चष्मा, पांढरा सदरा आणि तोंडात मालवणी. पाटी लावलेली होती, पण शिकायला येणार कोण? मी गेले तेव्हा आम्ही पाच जण होतो. वासानं, मास्तरांच्या तोंडानं आणि गुडघ्यांच्या दुखण्यानं चार जण दिवाळीच्या आत गळाले. मी राहिले, कारण मला जायला जागा नव्हती.

पहिल्याच दिवशी मास्तरांनी विचारलं, "घाबरतंस?"

मी म्हटलं, "हो जी."

"जी जी करू नको. कशाक घाबरतंस?"

"सगळ्यालेच जी."

ते हसले नाहीत. "बरा आसा," म्हणाले. "न भिणाऱ्याक मी गालिचाक हात लावूक देनंय नाय."

तीनच बाटल्या होत्या. तांबडी, पिवळी, निळी. जगातला कुठलाही गालिचा या तिघींतून होतो, असं मास्तर म्हणत. ब्लीच पडलं की तिघींतली निळी आधी पळते, मग तांबडी. पिवळी सगळ्यांत चिवट. म्हणून हिरव्या गालिच्यावर पिवळा डाग दिसला, तर रंग लावायचा नसतो. कोण पळालंय ते ओळखायचं आणि तेवढंच परत आणायचं. हिरवा लावलात तर मेलात. आधी ब्लीचचा जोर मारायचा, नाहीतर ते खाली दबा धरून बसतं आणि तुमचा नवा रंगही खातं. मग पाण्यासारखा फिका रंग थेंबाथेंबानं लवेत सोडायचा, ब्रशनं मुळापर्यंत न्यायचा, थांबायचं, बघायचं. तेही खिडकीच्या उजेडात. ट्यूबलाइट खोटं बोलते. पाच-सहा वेळा असं केल्यावर शेवटी व्हिनेगर. आंबटानं रंग धाग्याला धरतो आणि मग सुटत नाही.

"रंगाक आधी घरात शिरूक देवचा," मास्तर सांगत. "सगळे आत जाऊन बसले की मगे दार लावूचा. आधीच दार लावलंस तर उंबऱ्यार चेंगराचेंगरी."

आणि दुसरा नियम. प्रत्येक कामाआधी चाचणी. सोफ्याखाली, कपाटामागे, जिथं कुणाची नजर जाणार नाही अशा ठिकाणी रुपयाएवढ्या जागेवर रंग लावून बघायचा. मग मालकाला ती जागा दाखवायची आणि वहीत लिहायची: चाचणीची जागा अमुक, निकाल तमुक. वहीत ओळ नसेल तर मास्तर जेवत नसत. खरंच जेवत नसत, डबा तसाच परत जायचा.

दीड वर्ष मी चिंध्यांवर आणि तुकड्यांवर शिकले. रात्री झोपेतसुद्धा माझी बोटं चिमटीतून थेंब सोडत, असं ताई म्हणायची.

मग मास्तरांना गावी जावं लागलं, भाऊ वारले म्हणून. त्याच आठवड्यात द्वारका चौकाच्या पुढं आग्रा रोडवरच्या एका हॉटेलातून फोन आला. बाहेरच्या बैठकीत हिरवा गालिचा होता, भिंतीपासून भिंतीपर्यंत. सफाईवाल्या बाईंच्या हातून ब्लीचची बादली कलंडली होती. दोन दिवसांनी लग्नाचं वऱ्हाड उतरणार होतं. मास्तरांनी गावातल्या दुकानातून फोनवर सांगितलं, "जा तू. येता तुका."

मला येत नव्हतं असं नाही. पण त्या काचेच्या दारातून आत जाताना माझ्या चपला मला इतक्या घाण वाटल्या, की मी त्या बाहेर काढून ठेवल्या. तिथं एक बाई उभ्या होत्या, निळं पातळ, हातात फडकं. त्या मंजुळामावशी. पेठकडच्या. त्यांच्याच हातून बादली कलंडली होती.

"चपला घाल की गं," त्या म्हणाल्या. "आत कोन देव बसलाय?" मग जवळ येऊन हळूच, "व्हईल ना गं नीट? साहेब म्हनला, नीट झालं तर ठीक, नायतर घरी बस. मला दोन पोरी हायेत."

म्हणजे आता मी एकटीच नव्हते घाबरलेली. त्यांची भीतीही माझ्याच हातांवर येऊन बसली.

चाचणीसाठी मी भिंतीला लागून असलेला सोफा निवडला. तो चौघांशिवाय हलणारा नव्हता. मी पालथी पडले, झालर उचलली आणि हात आत घातला. खाली अंधार. बॅटरी दातांत धरली. आणि घाईत, आजवर ज्याच्यासाठी बोलणी खाल्ली होती तेच केलं: व्हिनेगर रंगातच मिसळलं. वर रंगही पातळ केला नाही. थेंब पडला आणि तिथल्या तिथं धरला. उंबऱ्यावर चेंगराचेंगरी. मी पाणी मारलं, तर तो पसरला, आणि पसरला तिथंही धरला. तळहाताएवढा काळानिळा डाग. दौत सांडल्यासारखा.

माझ्या कानात नुसतं घूं झालं. त्या क्षणी गाव दिसलं, ते दोन मुलांचं स्थळ दिसलं. मग मी झालर खाली सोडली.

एवढंच केलं मी. झालर खाली सोडली.

मूळ डागावर मात्र त्या भीतीनंच असं काम झालं, की तसं पुन्हा क्वचित जमलं असेल. पाण्याहून फिका निळा, सात वेळा. शेवटी हिरवा फार ताजा दिसायला लागला तेव्हा तांबड्याचा एक थेंब. दुपार कलली तेव्हा मंजुळामावशी डाग शोधत होत्या आणि त्यांना तो सापडत नव्हता. "अगं बया, कुठं गेला?" म्हणत त्या त्याच्यावरच उभ्या होत्या. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. माझी निळी झालेली बोटं स्वतःच्या कपाळाला लावली. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

वहीत काय लिहायचं? मी लिहिलं, "चाचणी : केली नाही."

मास्तर परत आले, वही उघडली आणि भडकले. "गो बाये, चाचणी नाय? जुगार खेळूक गेल्लंस?" अर्धा तास ते बोलत होते आणि मी मान खाली घालून ऐकत होते. जी चूक केली नव्हती तिची बोलणी खात होते आणि मनात म्हणत होते, बोला, अजून बोला. बोलणी संपली की खरं सांगावं लागेल असं वाटायचं. बोलणी संपली. मी सांगितलं नाही.

पुढची वर्षं कशी गेली ते सगळं सांगत नाही. कामं वाढली. निफाडकडचे एक द्राक्षबागाईतदार नव्या बंगल्यात पांढरा गालिचा घालून बसले आणि वाइन बनवायच्या उत्साहात पहिली बाटली त्याच्यावरच उघडली. मग डागावर मीठ, लिंबू, सोडा आणि शेवटी शेजारणीनं सुचवलेलं टूथपेस्ट, असा सगळा स्वयंपाक करून आम्हाला बोलावलं. "मॅडम, फक्त वास जात नाही," म्हणाले. पंचवटीतल्या एका आजींनी चौरंगाखालच्या आसनातलं हळदीचं बोट काढायला बोलावलं आणि मी काढायला लागले तर त्या रडल्या. ते बोट त्यांच्या सुनेचं होतं, आणि सून आता नव्हती. मी तो डाग तसाच ठेवून, भोवतीचं आसन तेवढं उजळून आले. लोक मला मॅडम म्हणायला लागले. गावचं स्थळ केव्हाच दुसरीकडं जुळलं. शेडच्या मागच्या खोलीत मी राहत होते आणि नव्यांना मीच शिकवत होते.

पण शेडमधला फोन वाजला, की पहिल्या घंटीला माझं काळीज सोफ्याखाली जायचं. त्या हॉटेलचं वर्षाचं काम आमच्याकडंच आलं होतं, माझ्याच कामावर खूश होऊन. दर तीन महिन्यांनी मी तिथं जायची. मंजुळामावशी चहा आणायच्या. त्या सोफ्यावर मी एकदाही बसले नाही. "बस की गं," त्या म्हणायच्या. मी म्हणायची, "कपड्याला रंग आहे, मावशी."

आठ वर्षं. मास्तरांना मोतीबिंदू झाला होता. गावी जायचं म्हणत होते. "शेड आणि वर्ग तुका," एक दिवस सहज म्हणाले, जेवताना, जणू चटणी दे म्हणावं तसं. मी घास हातात घेऊन बसून राहिले. घर सोडून आलेल्या सातवी पास मुलीला कुणी एवढं देतं का?

त्यानंतर दहा-बारा दिवसांनीच फोन आला. हॉटेलात आठवड्याभरापूर्वी नवे सोफे आले होते. जुने उचलले, तर खाली डाग.

नवा मॅनेजर तरुण होता, गळ्यात टाय. "शाई आहे मॅडम," म्हणाला. "आमच्या बाईनंच सांडली. विचारल्यावर कबूलही केलं. सांडलं आणि झालर खाली सोडून दिली, बघा ना किती हुशारी."

मी गुडघ्यांवर बसले. डाग जसाच्या तसा होता. आंबटानं धरलेला रंग, ऊन नाही, पाय नाहीत. कालच केल्यासारखा. कडेला पाणी मारल्याचा माझ्या हाताचा फराटासुद्धा.

तेव्हा बोलायचं होतं. मी म्हटलं, "हा उतरणार नाही. कापून तुकडा बदलावा लागेल. परवा येते."

ते दोन दिवस मी तापल्यासारखी होते. मास्तरांनी विचारलं, तर कंबर दुखते असं मी सांगितलं. स्वतःला सांगितलं, मंजुळामावशींना ओरडले असतील, झालं असेल. गेलं. तुकडा बदलला की डागच नाही, मग कबुली कशाला आणि कुणाला?

तिसऱ्या दिवशी गेले. दुसऱ्या सोफ्याखालून जोडीचा तुकडा काढला, डागाचा कापून बाहेर घेतला, नवा बसवला, लवेची दिशा जुळवली. सांधा दिसेना. मॅनेजर वाकून बघत म्हणाला, "वा! मॅडम, तुमचं काम म्हणजे तुमचंच. त्या बाईला काढलंच आम्ही. असली माणसं नकोत."

माझ्या हातात तो कापलेला तुकडा होता. मी म्हटलं, "साहेब, ही शाई नाही. हा माझा रंग आहे."

त्याला कळेना. मला दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगताना माझा आवाज इतका बारीक झाला, की तो म्हणाला, "जरा मोठ्यानं बोला."

"आठ वर्षांपूर्वी चाचणी घेताना माझ्याकडून बिघडलं. मी झाकलं. मंजुळामावशींनी काही सांडलं नाही."

तो टायशी चाळा करायला लागला. मग म्हणाला, "ठीक आहे. बाईला निरोप देतो, उद्यापासून ये म्हणून. तुम्ही मात्र यापुढे येऊ नका."

शेडवर येऊन तुकडा मास्तरांपुढं ठेवला. त्यांनी तो खिडकीशी नेला, डोळ्यांपासून चार बोटांवर धरला, अंगठ्यानं लव उलटीसुलटी केली.

"आंबट आधी घातलेला," म्हणाले. "कोणी? नव्या पोरांपैकी?"

"मी."

"कधी?"

मी सगळं सांगितलं. सगळं, चपलांपासून. ते ओरडतील म्हणून मी वाट बघत होते. ते म्हणाले, "त्या वर्साची वही हाड."

पान सापडलं. मोतीबिंदूमुळं त्यांना आता वाचता येत नव्हतं, मीच वाचलं. चाचणी : केली नाही.

"अर्धो तास बडबडलंय मी त्या दिवशी," ते म्हणाले. "फुकट. आता लिही." मी खाडाखोड करायला लागले तर हात धरला. "ता ऱ्हवांदे. खाली लिही."

मी खाली लिहिलं. चाचणी : केली. जागा : सोफ्याखाली. निकाल : बिघडला. सही केली. डबा उघडा होता समोर. त्यांनी झाकण लावून तो परत माझ्याकडं सरकवला.

"त्या बायकडे जा आता. मी येनंय नाय. माझे पाय दुखनत नाय, पण मी येनंय नाय."

मंजुळामावशींचं घर पंचवटीत, पेठ नाक्याच्या मागं. त्या दारात पालेभाजी निवडत होत्या. मी उभ्या-उभ्याच सांगितलं. बसायची छाती नव्हती. त्यांचे हात थांबले नाहीत. मेथीची एक जुडी पुरी निवडून झाली.

"म्हंजी तू होती व्हय," शेवटी म्हणाल्या.

"मावशी, तुम्ही सांडलंच नव्हतं, मग कबूल काहून केलं?"

"सांडलं नव्हतं ते तुला ठावं. मला कुठं ठावं?" त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "एकदा बादली कलंडली होती ना माझ्या हातनं. मग वाटलं, आनखी कवातरी कलंडली असंल. आठ दिस आठवत बसले गं, काय सांडलं, कवा सांडलं. रातीची पोरींना इचारलं, मी कवा बोलले व्हते का काय सांडल्याचं. डोक्याचा पार भुगा झाला. शेवटी म्हनलं, असंल, मीच सांडलं असंल. आन कबूल केल्यावर लय हलकं वाटलं बघ."

माझी भीती मी आठ वर्षं झालरीखाली ठेवली होती असं मला वाटत होतं. ती तिथं राहिलीच नव्हती.

"साहेबांनी उद्यापासून या म्हणून निरोप दिलाय," मी म्हटलं.

"नाय जायची. न सांडलेलं जिथं माझ्या तोंडून वदवलं, तिथं परत फडकं मारायला नाय जायची." मग हातानं मला बाजूला सारत, "सर, उजेड आडवू नको. भाजी निवडायचीय."

हॉटेलचं काम गेलं. मास्तरांनी शेडची किल्ली दिली, पण तेव्हा नाही, चार महिन्यांनी. तोवर त्यांनी त्या विषयावर एक शब्द काढला नाही, आणि मी रोज सकाळी उठून सामान बांधलेलं बरं की नाही याचा विचार करत असे. किल्ली देताना एवढंच म्हणाले, "अजून भियातंस मा?" मी म्हटलं, "हो जी." त्यांचे उपकार माझ्या अंगावरून उतरायचे नाहीत.

तो तुकडा मी वर्गात ठेवला आहे. नवीन मुलं-मुली आली, की पहिल्या दिवशी हातात देते आणि कुणाचा ते सांगते. काही हसतात. ती सहसा टिकत नाहीत.

मंजुळामावशी तेव्हापासून पंचवटीच्या भाजीबाजारात बसतात, पोत्यावर मेथी, शेपू, कांद्याची पात मांडून. मी दर शुक्रवारी त्यांच्याकडूनच भाजी घेते. त्या मला लांबूनच बघतात. मी समोर जाऊन उभी राहिले, की शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "आल्या रंगवाल्या मॅडम!" आणि पोत्याचा कोपरा उचलून धरतात. "घे, बघून घे आधी. खाली काय नाय ना?"

शेजारणी हसतात. मावशी हसत नाहीत, कोपरा तसाच धरून ठेवतात. मी वाकते आणि बघते.